आक्कासाठी सरप्राइज तपासणी

सोमवार, २ फेब्रुवारी
आक्का काल बाथरूममध्ये पुन्हा घसरली. नशीब, कंबर वाचली. ऐंशीची माझी मोठी बहीण. मी विधुर, घरात तिसरं कुणी नाही. तिला उचलताना माझीच पाठ धरली. भिंतीला धरायला हँडल बसव म्हणते. रविवारी नक्की. प्लंबर बोलवणार नाही. रेल्वेत पूल बांधलेत मी, एका हँडलचं काय!

मुलगी अंतरा बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, पापा, बुआ को किसी अच्छे होम में रखिए. माझ्या नोकरीमुळे इथे उत्तरेतच वाढली; मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. असो, विचार पटला. पण बहिणीला कुठल्याही गोठ्यात टाकणार नाही. आधी स्वतः तपासणार. जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेलाय. आठवड्यात निकाल लावतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
तेलीबागचा वृद्धाश्रम. सरप्राइज तपासणी. कालच फोन करून अकराची वेळ कळवली होती. न सांगता गेलं की लोक गोंधळतात, खरं चित्र दिसत नाही.

शी! कुंड्यांना ओला गेरू, पँटची वाट लागली. फिनेलच्या वासाने डोळे चुरचुरले. म्हातारी माणसं ओळीने खुर्च्यांवर, अंगावर नव्या शाली. एका आजींच्या शालीला किमतीचं लेबल तसंच लटकत होतं. जीएमसाहेबांच्या दौऱ्याआधी आम्ही स्टेशनवरच्या दगडांना चुना लावायचो. त्यात निदान सफाई असायची. पनीर पकोडे बरे होते. आग्रह मोडवत नाही.

निघताना एका आजोबांनी बाही ओढली. साहब, कल भी आएँगे क्या? मला वाटलं, आदर. मग कळलं, पाहुणे आले तरच पकोडे होतात. किळस आली. नापास.

रविवार, ८ फेब्रुवारी
हँडल. ड्रिल सापडलं, बिट सापडेना. बिट सापडला तर लाइट गेली. लाइट आली तेव्हा मी झोपलो होतो. पुढच्या रविवारी. तोवर जपून चाल, असं आक्काला बजावलं. म्हणाली, ऐंशी वर्षं जपूनच चालतेय. टोमणे मारायची सवय काही गेली नाही हिची.

मंगळवार, १० फेब्रुवारी
सरोजिनी नगरचा आश्रम, विमानतळाजवळ. इथेही वेळ कळवून गेलो. डोक्यावरून विमानं, बोललेलं ऐकू येत नाही. बाथरूममधलं हँडल धरून पाहिलं तर हलतंय! मॅनेजरला सगळ्यांदेखत झापलं: कुणी पडलं तर जबाबदार कोण? कपाटात मुदत संपलेले डोळ्यांचे ड्रॉप्स. ओकारी यायची बाकी होती. तुम्ही माणसं आहात की कोण, असंही विचारून आलो. नापास.

घरी येऊन आक्काला सगळं सविस्तर सांगितलं. ती हसत सुटली. वय झालं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
तिसरा आश्रम आमच्याच इंदिरा नगरात. चालवणाऱ्या चेतना मिश्रांना फोन केला, तर म्हणतात वेळबिळ नाही, जब मन करे आ जाइए. काय हा ढिसाळपणा! तयारी नको?

दुपारी गेलो. कुंड्यांना रंग नाही. टेबलावर भात सांडलेला. दोन आजी लोणच्यावरून तावातावाने भांडत होत्या. मिश्राबाई एका आजोबांच्या पायाची नखं कापत बसलेल्या. मला पाहून उठल्यासुद्धा नाहीत. पकोडे सोडाच, चहा मागून घ्यावा लागला. कडक नापास.

आक्काने एकच विचारलं, भांडत होत्या म्हणजे एकमेकींशी बोलत होत्या ना? मग नंबर मागितला. दिला. बाईंना चार शब्द सुनावणार असेल.

रविवार, १५ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपासाच्या अंगाने ड्रिल धरणं धोक्याचं. पुढच्या रविवारी नक्की.

सोमवार, १६ फेब्रुवारी
सकाळी बेल. मी बनियनवर. दारात मिश्राबाई! आक्कानेच बोलावलेलं. प्रवेश देण्याआधी म्हणे त्या माणूस सध्या कसा राहतो ते बघून जातात. मी म्हटलं, आधी कळवायची पद्धत असते. त्या म्हणाल्या, बताकर आती तो आप सफ़ाई कर लेते, भाईसाहब.

बाथरूम पाहिलं. ड्रिल पाहिलं. आक्काच्या औषधांच्या डब्यात दिवाळीतच मुदत संपलेले ड्रॉप्स निघाले. माझ्याकडे बघितलं. दिवसभर कोणाशी बोलता, असं आक्काला विचारलं. टीव्हीशी, म्हणाली. मी सांगितलं, मीही बोलतो की! कुठला आश्रम किती घाणेरडा, ते रोज सांगतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी
आक्का गेली. मिश्राबाईंच्या आश्रमात बरेच जण रांगेत होते, पण तिला पहिला नंबर मिळाला. कारण विचारलं, तर मिश्राबाईंनी फॉर्मवर लिहिलेलं दाखवलं: घर पर इनकी देखभाल ठीक नहीं है. खाली सही माझीच घेतली. रिक्षात बसताना ती मला म्हणाली, जपून राहा रे. मी तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

रविवार, २२ फेब्रुवारी
हँडल बसवलं. अर्ध्या तासाचं काम निघालं. स्वतःचीच किळस आली.

मिश्राबाईंना फोन केला, उद्या अकराला आक्काला भेटायला येतो. मागून आक्काचाच आवाज आला: त्याला म्हणावं, कधीही ये, पण घरून खाऊन ये, इथे तपासणीवाल्यांना पकोडे मिळत नाहीत.

फोन ठेवला. बाथरूममध्ये जाऊन हँडल धरून पाहिलं.

हलतंय.