आईचं पाणी

राजे,

आज हे लाडाने म्हणत नाहीये. घरी आजाऱ्याला सांभाळायला माणूस हवंय का, हे विचारायला त्या नगरपालिकेच्या पाहणीवाल्या बाई आल्या, तेव्हा तू दारातूनच म्हणालास, "आमच्याकडे ताई आहे ना! आम्हाला कशाला माणूस?" तुझा फायदा काय, तर घरात परकी बाई नको आणि पायजम्यावर निवांत पेपर वाचता यावा. एवढाच.

आज आईला उचलताना माझ्या कमरेने दगा दिला. शेजारच्या वहिनी मला दवाखान्यात नेताहेत, बहुतेक ठेवून घेतील. त्या बाईंना फोन केला होता. म्हणाल्या, "तुमच्या भागात दोनच बायका मिळाल्या, त्या मागणी केलेल्या घरी लागल्या. तुम्हाला गरज नाही म्हणालात ना?"

तेव्हा आता तूच. आईला कुशीवर वळवलंस की पाठीशी उशी लाव. जेवण पातळ करून भरव. पाणी चमच्याने पाज. ती ओठ घट्ट मिटून घेईल, पण तो हट्ट नाही. तुझं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. तेव्हापासून ती पाणी टाळते, लघवीला सारखं उचलावं लागू नये म्हणून. काल मी पाण्यावरून रागावले, तर बिचारी, बोलता येत नाही ना, माझ्या दुखऱ्या कमरेवर हात ठेवून रडली, तेव्हा मला हे कळलं.

तुझी अडचण टळली, मला 'ताई आहे ना' म्हणून मोठेपणा मिळाला. या दोन्हींची किंमत आईने मोजली, तहानलेली राहून.