अर्धगोल कानशीबाबत

मी, रामदास नथू माळवे, वय ७३ वर्षे, धंदा सोनारकाम, राहणार बाजारपेठ, पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज भाऊबिजेच्या सकाळी चहा घेऊन, कोणी सांगितले म्हणून नव्हे आणि कोणी अडवले म्हणून थांबणार नाही अशा बेताने, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे, डावा डोळा आणि झोप ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी मला ठणठणीत म्हटले आहे. भला माणूस आहे.

यापूर्वी दोनदा मी मृत्युपत्र लिहायला घेतले आणि दोन्ही वेळा सहाव्या कलमापाशी येऊन कागद फाडला. या खेपेस फाडणार नाही. थकलो आहे, आणि फाडायलाही जोर लागतो.

कलम १. पौड बाजारपेठेतील माझे राहते घर, खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या, माझा एकुलता मुलगा किशोर याला देत आहे. तो पिरंगुटच्या कारखान्यात मशीनवर असतो. दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचे त्याच्या मनात आहे. मध्यंतरी म्हणाला, "आप्पा, आता हितं कोन पाटल्या घडवून घेतंय? समदं पुन्यातनं तयार येतंय." खरे आहे. गेली चार वर्षे मी तुटलेली पैंजणे जोडतो आणि सुजलेल्या बोटांतल्या अंगठ्या कापतो, एवढेच काम उरले आहे. त्याने दुकान खुशाल भाड्याने द्यावे. हरकत घ्यायला मी नसेन, हे त्याने आधीच ध्यानात घेतले आहे.

कलम २. बँकेत जे काही आहे ते सर्व सून शीतल हिला. किशोरला नाही. माझी बायको गेल्यापासून नऊ वर्षे शीतलने मला वेळेवर भाकरी वाढली आणि माझी कुरकुर ऐकून घेतली. किशोरला याचे वाईट वाटल्यास त्याने आठवडाभर माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे करून पाहावे.

कलम ३. ऐरण, हातोड्या, चिमटे, फुंकणी, मुशी हे धंद्यातल्या कोणाला हवे असेल त्याला द्यावे. कोणी आलेच नाही तर भंगारात गेले तरी चालेल. ऐरण मात्र भंगारात घालू नये. ती दाराशी राहू द्यावी, बसायला बरी आहे.

कलम ४. कानशी. खोक्यात एकोणीस आहेत: चपट्या, गोल, तिकोनी, चौकोनी, अर्धगोल. त्या कोणाच्या, ते सहाव्या कलमात येईल. आधी त्या कशा वापरायच्या ते लिहितो, कारण घरात हे ऐकणारे कोणी उरलेले नाही आणि कागदाला उठून जाता येत नाही.

कानस निवडताना दुकानदाराचे ऐकू नये. ती उजेडाकडे धरून एका डोळ्याने लांबीवरून पाहावी. जराही बाक दिसला तर परत करावी. मग अंगठ्याचे नख दातांवरून हलके ओढावे; नख जिथे घसरते तिथले दात मेलेले असतात. जाड दातांची कानस आकार आणायला, बारीक दातांची तिचे ओरखडे पुसायला. जाडीवरच भागवणारे लोक असतात. त्यांचे दागिने लांबून चांगले दिसतात. बांगडी बाहेरून चपटीने घासावी, आतून अर्धगोलने. मूठ बाभळीची, आपल्या तळव्याच्या मापाची, स्वतः बसवलेली असावी.

कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. म्हणून मागे येताना ती उचलायची असते. जो न उचलता ओढतो तो दात बोथट करतो आणि खरखर आवाज करतो. मला तो आवाज भिंतीपलीकडून कळतो. दातांत खडू फासावा म्हणजे सोने अडकत नाही. कानशी एकावर एक टाकू नयेत, त्या एकमेकींना खातात. आणि सर्वांत मोठा नियम असा की सोन्याचांदीची कानस सोन्याचांदीलाच लावावी, आणि जिला एकदा शिसे लागले ती सोन्याजवळ आणू नये. शिशाचा कण डोळ्याला दिसत नाही, पण आच लागली की तो सोन्याला खातो. खड्डे पडतात आणि सोने बिस्किटासारखे तुटते. हा नियम वडिलांनी मला मी बारा वर्षांचा असताना सांगितला. तो मला ठाऊक नव्हता असे मी कधीही म्हणू शकणार नाही.

कलम ५. माझे चुलतभाऊ अण्णासाहेब यांनी १९९८ साली माझी दहा इंची चपटी कानस "जरा देतोस का" म्हणून नेली आणि तिच्यावर कोयता परजला. विचारल्यावर म्हणाले, "आरं, लोखंडाला लोखंड लागलं, त्यात काय बिगाडलं?" ती कानस, मुठीसह, मी त्यांनाच देत आहे. त्यांनी ती खुशाल देव्हाऱ्यात मांडावी. या कानशीपायी मी त्यांच्याशी सतरा वर्षे धड बोललो नाही. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे, कारण पुढच्या कलमात माझ्या हातून काय झाले ते येते, आणि माझ्याशी कोणी बोलणे टाकले नाही.

कलम ६. माझी धाकटी बहीण गंगू, सासरची गंगूबाई ज्ञानोबा शहाणे, राहणार माण. तिच्या घराच्या खोल्यांत आता कंपनीतली पोरे भाड्याने राहतात. हे कलम तिचे आहे.

१९७२ च्या हिवाळ्यात मी वीस वर्षांचा होतो, ती सतरा. मुलींनी दुकानातल्या कामाच्या बाकावर बसायचे नसते असे वडील म्हणत आणि तिला बसू देत, कारण तिचा हात तसा होता. दुपारी जेवून ते दुकानातच आडवे होत. गंगूची कानस चालू असली की त्यांचे डोळे मिटत. माझी चालू झाली की उघडत.

धरणाकाठच्या कातकरी वाडीवरचा बुधा माझा मित्र होता. मासे धरायच्या जाळ्याला तो शिशाच्या गोळ्या लावी. त्यांच्या भोकांच्या कडा धारदार राहून दोरी कापली जायची, म्हणून त्या घासून द्यायला तो माझ्याकडे घेऊन आला. मी हाताशी होती ती बारीक अर्धगोल कानस घेतली. ती सोन्याची होती. जुनी शोधायला उठायचा मला कंटाळा आला. गोळ्या घासल्या, कानस धोतराला पुसली आणि परत सोन्याच्या खोक्यात ठेवली. बुधाने मला बदल्यात दोन मासे दिले. तो आता नाही. त्याचा यात काहीही दोष नाही, हे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या पाटल्या करायच्या होत्या. गंगूने त्याच कानशीने जोडाची आतली बाजू साफ केली आणि दोन्ही टोके अशी जुळवली की मधून उजेड दिसेना. वडिलांनी डाख देऊन जोड सांधायला आच दिली. आमच्या डोळ्यांदेखत जोडावर खड्डे पडले आणि पाटली तडकली. वडिलांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरीच्या हाताला सोनं लागत न्हाई. ऊठ तितनं."

ती उठली. रडली नाही. कानस पुसून जागेवर ठेवली, मूठ आपल्याकडे, दात पलीकडे, जशी ठेवायची असते तशी. पाटल्या पुन्हा घडवायला आईचे कानातले आटवले. त्यानंतर गंगू बाकावर बसली नाही.

संध्याकाळी मी ती कानस कंदिलापाशी धरून पाहिली. दातांत करडी रेघ होती. तेव्हाच सांगता आले असते. मार पडला असता, पण मी माराला भ्यालो नव्हतो. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि बाक एकच होता. ती उठली म्हणून तो माझा झाला. मी ती कानस लाल फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि त्या बाकावर त्रेपन्न वर्षे बसून पोट भरले.

वडिलांचे वाक्य नातेवाइकांनी उचलले. जो तो म्हणू लागला, गंगूच्या हाताला सोने लागत नाही. पुढे गंगूही तेच म्हणू लागली. स्वतःच्या लग्नात तिने काचेचाच चुडा भरला. दर भाऊबिजेला ती माणहून येते. ओवाळताना सुपारीबरोबर सोन्याची अंगठी फिरवायची रीत आहे. तिच्या तबकात सुपारीच असते. "ऱ्हाऊ दे, सोन्याला माझा हात नगं," असे म्हणून ती हसते. मी मान खाली घालून कुंकू लावून घेतो आणि साडी देतो. मला त्या हसण्याची लाज वाटते. दर वर्षी वाटते, आणि दर वर्षी मी जेवून घेतो.

तेव्हा, (अ) खोक्यातील एकोणीस कानशी गंगूला द्याव्यात. (ब) लाल फडक्यातील विसावी अर्धगोल कानसही तिला द्यावी. तिच्या दातांत शिसे अजून आहे, मी ते काढलेले नाही. (क) माझ्या तेराव्याला सर्व नातेवाईक जमल्यावर, पाने वाढण्याआधी, किशोरने हे कलम मोठ्याने वाचावे. काहीही गाळू नये. पाने वाढल्यावर कोणी ऐकत नाही, म्हणून आधी.

जिवंतपणी तिच्यासमोर हे बोलायचे धैर्य मला झाले नाही, म्हणून मेल्यावर सांगत आहे. हा भेकडपणा आहे. कायद्यात बसतो.

कलम ७. या सर्वाची तामिली माझे शेजारी, निवृत्त शिक्षक तानाजी भिकोबा ढमाले यांनी करावी. ते शुद्धलेखनाच्या चुका काढतील. काढू द्याव्यात.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वरील मजकुरावर सही करायला तानाजी गुरुजींना बोलावले होते. दोन साक्षीदार लागतात. दुसरे कोण, असा विचार चालू असताना गंगू बसमधून उतरून दारात आली. गुरुजींना मजकूर ठाऊक नव्हता. त्यांनी कागद तिच्यापुढे केला आणि म्हणाले, "ताई, हितं एक सही करा." मी हात पुढे करेपर्यंत तिने चष्मा लावला होता. भाडेकरूंचे करारनामे करून करून तिला वाचल्याशिवाय सही न करण्याची सवय लागली आहे.

चौथ्या कलमाला ती गालात हसली. सहावे तिने दोनदा वाचले. मग चष्मा काढून मला विचारले, "म्हंजी, माझा हात बरा व्हता?"

मी म्हणालो, "लई चांगला व्हता. माझ्यापरीस."

"नातीच्या बारशाला मी तिच्या गळ्यात साखळी घातली न्हाई, दादा. कोपऱ्यात हुबी ऱ्हायले. तू व्हतास तितं."

मी होतो. तसे तिला सांगितले. ती शिव्या देईल असे वाटले होते, आणि दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. तिने दिल्या नाहीत. माफ केले असेही ती म्हणाली नाही. म्हणून ते इथे लिहिलेले नाही.

मग तिने खोका उघडला. अर्धगोल कानस काढली, खिडकीकडे धरून एका डोळ्याने लांबीवरून पाहिली, दातांवरून नख ओढले. बाकावर एक चांदीची अंगठी दुरुस्तीला पडली होती. ती घेऊन बसली. पहिल्या तीन-चार वेळा कानस घसरली. सत्तर वर्षांचा हात आहे. मग बसला. पुढे जाताना दाब, मागे येताना उचललेली. माझे डोळे मिटले.

ओवाळायच्या वेळी ती म्हणाली, "अंगठी काढ तुझी." मी बोटातली अंगठी काढून दिली. तिने ती सुपारीबरोबर माझ्या तोंडावरून तीनदा फिरवली. मी साडीची पिशवी पुढे केली तर म्हणाली, "साडी नगं. त्यो खोका टाक तबकात. आन् ते लाल फडकंबी."

मी दोन्ही दिले. सबब, वीसही कानशी आजपासून गंगूबाईच्या मालकीच्या असून माझ्या मालमत्तेत नाहीत. कलम ६ (अ) व (ब) रद्द. (क) ठेवावे की काढावे, असे मी तिला विचारले. "ऱ्हाऊ दे. समद्यास्नी ऐकू दे," असे ती म्हणाली.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीला बसू नये, असे गुरुजींचे म्हणणे पडले. आता तिला या कागदाने काही मिळत नाही. जे मिळायचे ते हातात मिळाले. तेव्हा ती साक्षीदार म्हणून चालते.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण : पौड, तालुका मुळशी
दिनांक : २३ ऑक्टोबर २०२५

सही : रामदास नथू माळवे

साक्षीदार

१. तानाजी भिकोबा ढमाले, वय ६८, धंदा निवृत्त शिक्षक, रा. पौड. (सही)

२. गंगूबाई ज्ञानोबा शहाणे, वय ७०, धंदा "घरकाम" हे खोडून सोनारकाम, रा. माण. (सही)

अनुक्रमांक दोनमधील खाडाखोड साक्षीदाराने स्वतःच्या हाताने केली आहे. ती बरोबर आहे. – रा. न. मा.