सायकल बद्द वाजली तेव्हा

प्रिय आई,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. इतकी वर्षं आपण सासू-सुना लालबागच्या एका खोलीत आणि नंतर परळच्या ह्या घरात राहिलो, जे बोलायचं ते स्टोव्हच्या आवाजावर ओरडून बोललो. तुम्ही गेल्यावरही लिहावंसं वाटलं नाही, खरं सांगते. आज मात्र बसले आहे, कारण आज सकाळी मी परळहून गिरगावला, माझ्या माहेरी, सायकल चालवत जाऊन आले!

हसू नका. आणि ‘ह्या वयात?’ असं तर मुळीच विचारू नका. ते तुमच्या लेकाने विचारून झालंय.

नोकरी संपल्यावर मी काय करणार, याची शेखरला माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. भजनी मंडळ, योगासनं, सगळं सुचवून झालं. मी मुलाची जुनी गिअरची सायकल माळ्यावरून खाली काढली आणि रविवारी सकाळी दादरहून निघणाऱ्या बायकांच्या गटात जाऊ लागले. सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या. फार चांगल्या पोरी आहेत, पण हाजी अली आलं की माझा निरोप घ्यायच्या. पुढे पेडर रोडचा चढ. ती जडशीळ सायकल घेऊन मला तो जमत नसे. दोनदा उतरून ढकलत नेली, पोरी वर थांबून राहिल्या. त्यांचं थांबणं मला चढापेक्षा जड गेलं. मग मीच म्हणू लागले, “तुम्ही व्हा पुढे, मला घरी काम आहे.” कसलं काम, आई? घरी येऊन चहा पीत बसायचे.

गटातली प्राची म्हणून एक मुलगी आहे, फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली, “काकू, तुमच्या पायांत जोर आहे. सायकल बदला. कार्बनची घ्या. नवी नको, वापरलेली बघू.”

कार्बन म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंच असतंत. कार्बनचे, म्हणजे कोळशाच्या जातीचेच, बारीक धागे असतात. त्यांचं कापड विणतात, थरांवर थर लावतात आणि चिकट राळेत घट्ट करतात. त्याची सायकल. बोटांवर उचलता येईल इतकी हलकी. मामंजींनी जन्मभर गिरणीत धागा सांभाळला आणि सून आता धाग्याच्या सायकलवर बसणार! मला तर ऐकूनच मोह पडला.

पण प्राचीने एक गोष्ट बजावून सांगितली. लोखंड वाकतं, पोचा पडतो, आधी सांगतं. कार्बन सांगत नाही. आत चीर गेलेली असली तर वरून रंग झकास दिसतो, आणि एखाद्या दिवशी भर वेगात दांडी तुटते. हे शेखरच्या कानावर गेलं, मग काय!

“म्हणजे पैसे देऊन मरायचं?” तो म्हणाला.

“अरे, बघून घेणार आहे.”

“तुला काय कळतं सायकलीतलं? तुला तर माठ पण...” आणि जीभ चावली.

बघितलंत? तुमच्या लेकाच्या अजून लक्षात आहे.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. तुम्ही मला एकटीला माठ आणायला पाठवलं होतंत. लालबाग मार्केटच्या तोंडाशी माठांची उतरंड रचून ती बाई बसायची. मी गेले, सगळ्यात गुळगुळीत दिसणारा लाल माठ बोटाने दाखवला आणि घेऊन आले. हात लावला नाही. आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. सकाळी उठून बघते तर ओट्याखाली तळं, तुमचं अंथरूण ओलं, आणि चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून “काय गो, इंग्लिश माठ इलो काय?” म्हणून हसतायत. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

तुम्ही ओरडला नाहीत. अंथरूण कठड्यावर वाळत टाकलंत, माठ माझ्या कडेवर दिलात आणि मला घेऊन परत त्या बाईकडे गेलात. तिथे खाली बसलात. एकेक माठ घेतलात, बोटाच्या पेरांनी ठोकलात, थोडा फिरवलात, परत ठोकलात. ती बाई वैतागली.

“ओ मावशी, माठ हाय, तबला नाय!”

“तबलो बद्द वाजलो तर गाणारो उठान जाता,” तुम्ही तिला म्हणालात, “माका पाणी भरूचा हा.”

मग माझा हात धरून माझी पेरं माठावर आपटलीत. एक खणखणीत वाजला. दुसरा तसाच. तिसरा वाजता वाजता एका जागी दबला, जसा कोणी बोलता बोलता गप्प व्हावा. बाहेरून काही दिसत नव्हतं. “ह्यो बद्द,” तुम्ही म्हणालात. “आत चीर आसा.” ती बाई त्या माठाचं कौतुक सांगत होती, कुठल्या मातीचा, कोणी भाजला, आणि मी मान डोलावत ऐकत होते. ते पाहून तुम्ही मला कोपराने ढोसलंत.

“कान मडक्याक लाव गो. मडकेवालीच्या तोंडाक नको.”

मला तेव्हा मालवणी नीट कळत नव्हती. हे मात्र कळलं.

आता सायकलीचं ऐका. वडाळ्याला एक मुलगा आपली सायकल विकत होता, नाव अद्वैत. नोकरीसाठी परदेशी निघालेला, बोलायला अतिशय गोड. प्राची आणि मी गेलो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली होती. काळी, मधूनच निळी रेघ. काय सांगू, आई! नव्या नवरीसारखी उभी होती. उचलली तर हात आपोआप वर गेला. वजनच नाही!

प्राचीने चाकं फिरवली, ब्रेक दाबले, साखळी बघितली, गिअर टाकून बघितले. सगळं चोख. तीही हरखली होती. “काकू, अशी परत मिळायची नाही.”

“एकदम मक्खन आहे काकू,” अद्वैत म्हणाला. “कधी पडली नाही, कधी आपटली नाही. माझ्या आधी एकानेच वापरलीय. मी हिच्यावर घाट उतरलोय, इतकी स्टेबल!”

तो सांगत होता आणि मी मान डोलावत होते. अगदी तशीच. मनातल्या मनात तर मी पेडर रोड चढून गेले होते. आणि मधेच माझ्या लक्षात आलं, आपण सायकलीकडे बघतच नाही आहोत, त्याच्या तोंडाकडे बघतोय. तुमचं कोपर बरगडीत बसल्यासारखं झालं हो!

मी खाली वाकले आणि पेरांनी दांडी ठोकली.

अद्वैत हसायला लागला. “काकू, माठ नाहीये तो!”

“माहीत आहे रे बाळा,” मी म्हटलं. “पण जरा गप्प बसशील का? मला ऐकू येत नाहीये.”

वरची दांडी वाजवत गेले. टक, टक, टक. कोरडा, स्वच्छ आवाज. मग खालची जाड दांडी. पेडलकडून वर, हँडलच्या दिशेने. टक, टक. आणि हँडलच्या जरा खाली, उजव्या अंगाला, बद्द. हात सरकवला, परत स्वच्छ. मागे आणला, परत बद्द. डाव्या अंगाला त्याच उंचीवर वाजवलं, तिथे काही नाही. बरोबर त्या जागेवर एक मोठं रंगीत स्टिकर होतं.

“हे तू लावलंस?” मी विचारलं.

“नाही, आधीपासूनच आहे. का?”

प्राची पुढे सरकली. तिने स्वतः वाजवून बघितलं. दोनदा, तीनदा. “अद्वैत, हे स्टिकर काढू?”

त्याने स्वतःच नखाने सोलून काढलं. खाली रंगाचा हलका फुगवटा होता, आणि त्यातून केसासारखी एक रेघ दांडीला वळसा घालत गेली होती.

तो पोरगा खालीच बसला. मला आधी वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून. पण त्याचा चेहरा पाहिला आणि कळलं, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. “काकू,” तो म्हणाला, “मी गेल्याच महिन्यात हिच्यावर खंडाळ्याचा घाट उतरलोय.” मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

आठवड्याभराने त्याचा फोन आला. कार्बनची दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे त्याने सायकल नेली होती. आतले थर सुटलेले निघाले. “तुम्ही वाजवलं नसतं तर मी ती कोणाला तरी विकली असती, काकू. तुम्हालाच.” मग म्हणाला, “तुम्ही हे शिकलात कुठे?”

आई, जन्मभर लोकांनी मला विचारलं, तुमचं इंग्रजी इतकं छान कसं? मी शाळेचं नाव सांगायचे आणि समोरच्याच्या भुवया वर जायच्या. पण मला ऐकायला कोणी शिकवलं, हे कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा त्या पोराने विचारलं. मी ताठ उभी राहून, शाळेचं नाव सांगतानाही कधी सांगितलं नसेल अशा तोऱ्यात सांगितलं, “माझ्या सासूबाईंकडे. लालबागला.”

आता गटात मला माठवाल्या काकू म्हणतात! कोणी जुनी सायकल घ्यायला निघाली की आधी मला बोलावते. मी वाजवते. आवाजात शंका आली तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे पाठवते. शंका नाही आली तरी पाठवते, कारण दांडी जिथे जाड तिथे आवाज तसाही बदलतो, आणि माझे कान काही देवाचे नाहीत. पण पोरी ऐकतात हो माझं. हाजी अलीवरून परत फिरणारी मी!

एक तक्रार मात्र आहे तुमच्याबद्दल. तुम्ही मला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाहीत. शेजारच्या बायकांना सांगायचात, “आमच्या निलाक सगळा येता,” आणि मी आत आले की “डाळीत मीठ कमी हा.” का बरं? एकदा माझ्यासमोर म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? आणि मी तरी तुम्हाला कुठे सांगितलं की तुम्ही किती हुशार होतात! दोघीही शेजारणींनाच सांगत राहिलो.

शेवटी सायकल मिळाली ती दादरच्या एका डॉक्टरीणबाईंची. करडी, साधी, मिरवण्यासारखं काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली, तपासून आणली, मग घरी घेतली. शेखर दोन दिवस तिच्याभोवती फिरत होता. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाही असं वाटून त्यानेही हळूच ठोकून बघितली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं!

आणि आज सकाळी निघताना मी दारात नारळ ठेवला. तुम्ही असता तर देवाला गाऱ्हाणं घातलं असतंत आणि आम्ही मागून होकार दिला असता. आमच्या माहेरी ही रीत नाही, मी ते कधी घातलेलं नाही. पण सायकल अशीच बाहेर काढवेना. शेखरला म्हटलं, तू घाल. तो म्हणाला, “माका खंय येता? आवशीचाच काम ता.” तुमचंच काम म्हणे ते! कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली. मग मीच हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज मी ह्या घरातली सून माझो सायकल घेवन...”

“माझी गो, माझी,” शेखर म्हणाला. “सायकल ती. सगळ्याक ओ लावू नको.”

“गप रे. बा देवा म्हाराजा, वाटेत खड्डो इलो तर तो आधी दिसांदे...”

आणि माझ्या मागून, तुम्ही गेल्यापासून ह्या घरात न उमटलेला आवाज आला, “व्हय म्हाराजा!”

आई, तुमचा लेक रडत होता. मला दाखवलं नाही त्याने, पण आवाज ओळखायला मला येतं.

पेडर रोड मी उतरून न ढकलता चढले. हळू चढले, जीभ बाहेर आली, पण चढले. पलीकडे उतार लागला, वारा कानांत शिरला आणि सायकल खालून घट्ट, भरवशाची, माझ्या आधी वळण ओळखणारी. चौपाटीवर पोरी थांबल्या होत्या. ह्या वेळी त्यांना फार थांबावं लागलं नाही.

आज परत येताना एक गोष्ट मनात आली, ती तुम्हाला सांगून ठेवते. तुमची भाषा ह्या घरात बोलणारं आता कोणी उरलं नाही. शेखर लाजतो, मुलं हसतात. म्हणून मीच बोलणार. दर रविवारी निघताना गाऱ्हाणं घालीन, चुकलं तर चुकलं, शेखर सुधारेल, आणि सुधारता सुधारता तोही बोलायला लागेल. येणाऱ्या नातवंडांना इंग्रजी शिकवायला शाळा आहेत. मालवणी त्यांच्या कानावर माझ्या तोंडून पडेल, हे माझं वचन.

तुमची सून,
निला