दोन घरांचे एक पणजोबा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, ते आधी कळव. इकडे सर्वांच्या तब्येती उत्तम आहेत. इतक्या की घरात कोणी कोणाशी बोलत नसले तरी भांडी आपटण्याचे बळ प्रत्येकाच्या अंगात शिल्लक आहे. तुझ्या दादाने (म्हणजे मोठ्या काकांनी) तुला माझ्याविरुद्ध लिहिले असेलच. ते पत्र आधी पोचले असेल तर कृपा करून मनातून पुसून टाक, कारण त्यातली एकही गोष्ट कागदाने सिद्ध होत नाही. माझ्या होतात.

आपल्या बाहेरच्या खोलीतला फोटो तुला आठवतोच. काळा कोट, भरघोस मिशा आणि समोरच्याला जन्मठेप सुनावणार अशी नजर. हे आपले पणजोबा (तुझे आजोबा) आणि ते न्यायाधीश होते, असे आपण ऐकत आलो. मी आठवीनंतर शाळा सोडून काचेच्या दुकानात लागलो, तेव्हा काकांनी मला त्या फोटोसमोर उभे करून माफी मागायला लावली होती. मी मागितली. (ती आता परत घेत आहे.)

मागच्या महिन्यात काका, बाबा आणि मी आमच्या दुकानाशेजारच्या टेलरच्या घरी गेलो. त्यांची मुलगी त्यांच्याच दुकानात काजे-बटणे करते, तिची एकही शिवण वाकडी जात नाही, आणि ती माझ्याशी लग्नाला राजीखुशीने तयार आहे. (मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्यांदा ती जरा चिडली.) बोलणी सुरळीत चालली होती. एवढ्यात काकांचे लक्ष भिंतीकडे गेले आणि ते कपबशीसकट उठून उभे राहिले. भिंतीवर आपले पणजोबा! तोच कोट, त्याच मिशा, तीच जन्मठेप.

"आमचे आजोबा इथे काय करतायत?" काकांनी विचारले.

"तुमचे? अहो, आमचे आजोबा आहेत ते. नावाजलेले वकील होते!" टेलर म्हणाले.

थोडी हमरीतुमरी झाली. मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला की आपण एकाच घराण्याच्या ताटातूट झालेल्या दोन शाखा आहोत. दोघे गळ्यात पडून रडू लागले. मग आडनावे वेगळी कशी, असे मी विचारले, तर "गप्प बस, मोठी माणसं रडतायत," असे उत्तर मिळाले. तेवढ्यात टेलरच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोके बाहेर काढले आणि ती म्हणाली, "म्हणजे ही दोघं भाऊ-बहीण की हो झाली!" आत्या, मुलगी पाहायला जाऊन बहीण घेऊन परत आलेला माणूस भूतलावर मी एकटाच असेन.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. (बसतो, पण आतून नाही.) दुसऱ्याच दिवशी दुकानातून सुट्टी काढून जन्म-मृत्यूचे नोंदणी कार्यालय गाठले. तिथला कारकून म्हणाला की त्या वर्षांत छत गळत होते, त्यामुळे तेव्हा जे मेले ते सगळे भिजले. पणजोबांची नोंद सापडली, पण वय 'चाळीस किंवा साठ' आणि धंद्याच्या जागी वाळवीने केलेले भोक. नातेवाइकांचा रकाना वाळवीला जास्त आवडलेला दिसतो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो की कागद म्हणजे कागद, तोंडी गप्पांना पुरावा म्हणत नाहीत, दुसरी प्रत काढा. दुसऱ्या प्रतीवर शाई सांडली होती.

शेवटी मी आपल्या फोटोची चौकट उघडली (हे काम मी झोपेतही करू शकतो). मागच्या पुठ्ठ्यावर एका जुन्या स्टुडिओचा शिक्का होता. स्टुडिओ अजून आहे, आणि मालकाचा म्हातारा मुलगाही. फोटो पाहताच तो इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. त्याने खाटेखालून एक गठ्ठा ओढला. आत्या, गठ्ठाभर पणजोबा! त्यांच्याकडे चौकटी विकायला असत आणि रिकाम्या दिसू नयेत म्हणून प्रत्येकीत हा नमुना घालत. फोटोतला माणूस स्टुडिओत झाडलोट करायचा. पापणी न हलवता बसणे दुसऱ्या कोणाला जमत नसे, म्हणून त्याला निवडले. कोट स्टुडिओचा, आणि मागून टाचण्या लावून आवळलेला. ती करारी नजर टाचणी टोचल्याची आहे. माझ्या आजोबांनी (तुझ्या वडिलांनी) चौकट घेतली असणार, स्वतःचा फोटो घालायचे राहून गेले असणार, आणि पुढे कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितले नाही.

मी एक प्रत घेऊन दोन्ही घरी गेलो. काका म्हणाले, "फोटोवाला खोटारडा आहे. आमचे आजोबा केर काढतील?" टेलर म्हणाले, "मग आम्ही रोज हात जोडतो ते कोणाला?" मी म्हणालो, एका कष्टाळू माणसाला, खुशाल जोडा, पण त्याच्या नावाने माझे लग्न मोडू देणार नाही. काकांनी घर सोड म्हटले. मी सोडणार नाही. माझ्या खोलीच्या खिडकीची काच मी स्वतः बसवली आहे. आणि लग्न तिच्याशीच करणार. ती तर माझ्याहून खमकी. तिने आईला बजावले आहे, "भाऊ म्हणून दुसरा कोणी शोध, हा मी नवरा म्हणून ठेवलाय."

तुझा भाचा

ता. क. लग्न येत्या शुक्रवारी नोंदणी पद्धतीने आहे. बाबा काकांच्या नकळत माझ्या उशाखाली नवा सदरा ठेवून गेले. साक्षीदार मिळाले आहेत, त्याची काळजी नको.

ता. क. २. मुख्य काम लिहायचे राहिले. लग्नासाठी जन्मदाखला लागतो. काढला, तर त्यात मी 'मुलगी' आहे. तोच कारकून म्हणतो, त्या दिवशी लागोपाठ मुलीच झाल्या होत्या, लिहिणाऱ्याचा हात त्याच ओघात गेला असेल. मी त्याला मिशी दाखवली, तर म्हणाला, "तुम्हीच ना ते, कागद म्हणजे कागद?" आता दुरुस्तीसाठी जन्माच्या वेळी हजर असलेल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने येऊन तोंडी सांगावे लागते. आईबाबांचे चालत नाही. ते आपल्याच मुलाची बाजू घेणार, असे त्याचे म्हणणे. उरलीस तू. तेव्हा गुरुवारपर्यंत ये आणि मी मुलगा झालो होतो असे सांग. नीट आठवत नसेल तरी हरकत नाही, फक्त ठासून सांग.