पुडक्यातली क्लच प्लेट

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही, ताई आणि दोन्ही पिल्लं मजेत असाल. इकडे आई बरी आहे, गुडघा सोडून. गॅरेजात काम भरपूर. पत्र घरी न पाठवता तुमच्या चष्म्याच्या दुकानावर पाठवतोय. सोबत एक जड पुडकं आहे. ते गिऱ्हाइकांसमोर उघडू नका, हात काळे होतील.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोन ताई उचलते. तिचेच चार फोन येऊन गेले, मी एकही घेतला नाही. आईकडून कळलं की तुम्ही गाडी विकायला काढलीय आणि रविवारी दलाल बघायला येतोय. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका गाडीत ऑइल ओतलं आणि खालचा बोल्ट लावायलाच विसरलो. सगळं ऑइल जमिनीवर. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

उठून हात धुऊन आलो. तरी पानावर अंगठा उमटलाच, चालवून घ्या.

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग सीट, मग गाणी वाजतात का ते. क्लचचं कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकलेला, आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस त्या केशरी गाडीच्या लांबलचक बॉनेटवर हात ठेवून उभा होता. म्हणालात, "लहानपणी सिनेमात अशीच होती रे. कालव्यावरून उडी मारायची." ताईने कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "भाऊजी, त्या सिनेमात चार गियरच्या गाडीत हिरो नऊ वेळा वरचा गियर टाकतो. मी मोजलेत."

मोजले म्हणजे मी तो किती वेळा पाहिला असेल, हे तुमच्या लक्षात आलं नाही. मीही आणलं नाही. मेकॅनिकने गाडीच्या प्रेमात पडायचं नसतं, लोक हसतात.

दोन दिवस ठेवा, तपासून देतो, असं मी म्हणालो होतो. तपासलीही. हँडब्रेक ओढला, चौथा गियर टाकला, क्लच हळूहळू सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लच ठणठणीत. इथवर मी खरं बोललो.

दुसऱ्या दिवशी मी ती सिमेंटच्या गोदामामागच्या मोकळ्या मैदानात नेली. ट्रायल म्हणून. तिथे काळं कुत्रंही नसतं. सिनेमातल्यासारखं इंजिन तापवून, क्लच अर्धा दाबून धरून, मग एकदम सोडायचा. मागची चाकं जागेवर फिरली, धूर निघाला. भाऊजी, काय सांगू, मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो. एकदा करून थांबायला हवं होतं. मी सात वेळा केलं. चौथ्या वेळीच जळका वास आला होता. तो वास मी झोपेतही ओळखतो. तरी आणखी तीनदा.

परत येऊन पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी इंजिन लगेच बंद पडलं नाही. थोडा वेळ कण्हत राहिलं, मग पडलं. मला कळायचं ते कळलं. आणि संध्याकाळी तुमच्या हातात किल्ली देऊन मी म्हणालो, "एकदम झकास आहे."

तीन महिन्यांनी त्या चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे घसरायला लागली. मागच्या सीटवर पोरं, मागे ट्रक. तुम्ही वेळेवर हँडब्रेक ओढलात, म्हणून आज मी हे लिहितोय. त्या ट्रकचा विचार आला की मी जेवता जेवता ताटावरून उठतो.

आणि त्यानंतर गॅरेजात सगळ्यांसमोर मी काय म्हणालो? "भाऊजी, क्लच म्हणजे पायपुसणं नाही, सारखा पाय ठेवून चालवायला." सगळे हसले, ताईसुद्धा हसली. तुमच्या घरात तो विनोद अजून चालतो म्हणे. तुम्ही मात्र त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बसने दुकानात जाता.

तुम्ही मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "प्लेट बघून कळतं का रे, कशामुळे गेली?" मी म्हणालो, "छे, ते कसं कळणार."

कळतं, भाऊजी. पाय ठेवून ठेवून झिजलेली प्लेट हळूहळू, सगळीकडून सारखी झिजते. पुडक्यातली बघा. सोबतच्या लोखंडी चकतीवर निळे डाग आणि केसासारख्या भेगा आहेत. ते एकाच दिवसात भाजल्याचं लक्षण. आमच्या उस्तादांचा नियम होता, काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे त्याच्या मनात शंका राहत नाही. आजवर मी सगळ्यांना दिला. तुमचा तेवढा टेबलाखाली ढकलून ठेवला. रोज पायाला लागायचा.

नवी प्लेट मी स्वतः बसवली आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका, हँडब्रेक ओढून, चौथा टाकून स्वतः बघा. दलालाला परत पाठवा. ताईला शेजारी बसवून तोच चढ चढा. तुमचा पाय चांगला आहे, माझ्यापेक्षा तर नक्कीच.

पुडकं आज घरी न्या आणि ताईसमोर उघडा. पत्रही तिलाच वाचू द्या, मोठ्याने. मग ती मला फोन करेल.

मी उचलेन.

ज्याच्या पायाने ही प्लेट जळली तो,
तुमचा मेहुणा