मामाचा गुडघा

ती. मामांस,

या वेळी साष्टांग नमस्कार लिहवत नाही.

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन देशांतली तीन हॉस्पिटलं वहीत मांडली होती. कुठला सर्जन किती मुरलेला, परत आल्यावर काही बिघडलं तर कोण बघणार, सगळं. बाबांनी वही मिटली. म्हणाले, "तुझा मामा यातल्या पहिल्या हॉस्पिटलातूनच करून आला ना? चालतोय ना? मग झालं तर!"

तरी मी तुम्हाला फोन केला. वर्षभर तुम्ही फोनवरच तर भेटत होतात. "डोळे झाकून जा," म्हणालात, "मी दोन-दोन पायऱ्या चढतो."

काल इथल्या हॉस्पिटलात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी फॉर्मवर 'कोणी सुचवलं' यापुढे तुमचं नाव वाचलं आणि हळूच विचारलं, "यांचा गुडघा आता तरी वाकतो का? दोनदा पुन्हा उघडावा लागला होता."

बाबांचं ऑपरेशन होऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

सगळ्यांशी भांडून परदेशी गेला होतात, फसलो म्हणायला तोंड नव्हतं, तेही कळतं. पण मामा, निदान आम्हाला तरी अडवायचंत!

हे पत्र मी टाकणार नाही. बाबा वॉकर धरून दात-ओठ खात उभे राहतात आणि म्हणतात, "मामाला जमलं, मग मला का नाही?"

आम्ही निघालो तेव्हा विमानतळावर सोडायला आलात, पण गाडीतून उतरलाच नाहीत, काचेतूनच हात हलवलात. ऊर भरून आला असेल बिचाऱ्याचा, असं मीच आईला म्हणाले होते.

तुमची,
भाची