कुणालाही कुठेही

२ फेब्रुवारी
पेडण्याच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर झालो. एकमताने. दुसरं कुणी उभं नव्हतं, पण एकमत ते एकमत. बेसबॉल कधी पाहिलेला नाही. गरज काय? वीस वर्षं मांद्र्याच्या जत्रेचं नाटक बसवतोय. राजाला ताप आला तर ऐनवेळी द्वारपालाला राजा केलाय.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
खेळाडू मोजून नऊ. राखीव एकही नाही. म्हणून पॉलिसी ठरवली: प्रत्येकाला प्रत्येक जागा आली पाहिजे. चोपड्याचा सागर आठ वर्षं फक्त पिचर, म्हणजे आपला बोलर. दुसरं काही शिकलाच नाही. आळशी.

११ फेब्रुवारी
तुषार धावत नाही, त्याला लांब आउटफिल्डला टाकला. गौरेश चेंडूला घाबरतो, त्याला पहिल्या बेसवर, जिथे सगळे चेंडू येतात, भीती जावी म्हणून. भीती गेली नाही, दात गेला. सरावाचा सामना १९–२ ने हरलो. पहिली तालीम अशीच असते.

१८ फेब्रुवारी, सकाळी ७
सागर घरी आला. रविवारी साखळी गावात सामना आहे, तिथे राज्याची निवड समिती येणार. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात नोकरी. पुढच्या वर्षी त्याचं वय उलटतं. "भाऊ, माका पिचिंगच करूक दिया," म्हणाला आणि चक्क पाया पडला. भरून आलं मला. तिथल्या तिथे ठरवलं, याचं भलं करायचं. नुसते पिचर पन्नास मिळतील. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, म्हणून मागे उभा केला तर समिती चाटच पडेल. देवकी म्हणाली, "तेका आसा थंयच रावूं दी." आहे तिथेच राहू दे म्हणे! बायकोला फ्लेक्सिबिलिटी कळत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
पिचिंग गौरेशला दिलं. सागर कॅचर. तिसऱ्याच चेंडूला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. कॅचरने ग्लोव्ह नसलेला मोकळा हात पाठीमागे लपवायचा असतो म्हणे. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं! उरलेल्या आठांत मी नऊ जागा बसवून दाखवल्या असत्या, पण पंच नियमावर अडून बसले. सामना सोडावा लागला. समिती चहा घेऊन गेली.

२५ फेब्रुवारी
सागरकडे जाऊन आलो. सोबत बेकरीचे सहा उंडे पाव आणि केळी. डॉक्टर म्हणतात, बोटं पुरती मिटणार नाहीत. मी धीर दिला, डावा हात शाबूत आहे, डावखुरे पिचर दुर्मीळ असतात. त्याच्या आईने, सुलोचनाबाईंनी, पिशवी उचलून माझ्या हातात परत दिली. मानी माणसं. उंडे चांगले होते, रात्री आम्हीच खाल्ले.

३ मार्च, संध्याकाळी ६
संघाची बैठक बोलावली होती. मी वेळेवर. बाकी कुणी नाही. तासाभराने तुषारला फोन लावला. आठही जणांनी नावं काढून घेतलीत. मी मोठ्या मनाने विचारलं, मी राजीनामा दिला तर? तो म्हणाला, "मगे सागराचीं बोटां येतलीं, भाऊ?"

डाव्या हाताचं समजावायला लागलो तेव्हा त्याने फोन ठेवलेला होता.